ट्रे उघडाच राहू दे

रविवार, दुपार

प्रिय चिमटी,

जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला बसून मी हे लिहिते आहे आणि दुसऱ्या टोकाला तुझ्या त्या इटालियन बदामी बिस्किटांचा ट्रे ठेवला आहे. उघडा. हो, उघडाच, तू बरोबर वाचलंस. घरातली सगळी फडकी मी कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली अप्पांच्या हवाली केली. मी कितीही गयावया केली तरी संध्याकाळपर्यंत द्यायची नाही, असं बजावून ठेवलं आहे. ते खुर्चीत बसून डुलक्या घेतायत, पण खिशावरचा हात काही सुटलेला नाही. बायकोवर अधिकार गाजवायची अशी संधी त्यांना उभ्या जन्मात मिळाली नव्हती.

फोन का नाही केला, असं तुला वाटेल. केला की. गेल्या महिन्याभरात कितीदा केला. तू उचलतेस, 'बरी आहे' म्हणतेस, 'कामाचा व्याप वाढलाय' म्हणतेस. मग तुझ्यामागे दातांच्या लॅबमधलं ते घासायचं यंत्र घूं घूं करत असतं, तेच काय ते बोलतं. शेवटी तुझा तो निरोप आला, 'मी छोटा ओव्हन घेतलाय, आता रविवारी तुम्हाला त्रास द्यायला नको.' त्रास! तो निरोप मी अप्पांना वाचून दाखवला. ते स्वयंपाकघरात जाऊन आपल्या मोठ्या ओव्हनवरची धूळ पुसून आले. धूळ नव्हतीच.

तुझं येणं थांबलं आणि ते मला सोसत नाही, हे आधीच सांगून टाकते. वॉर्डात इतकी वर्षं सिस्टर म्हणून काढली, तिथे आडून आडून बोलायला वेळ नसायचा. पण या गोष्टीत मात्र माझी जीभ महिनाभर टाळ्याला चिकटून बसली होती, म्हणून कागद घेतला.

बदाम सकाळी भिजवले. गरम पाण्यातून काढून सालं सोलायला बसले, तर एकेक बदाम बोटांतून असा सटकतो की काय सांगू. एक थेट अप्पांच्या चहात. त्यांनी तो काढून खाल्ला आणि साखर कमी आहे म्हणाले. मग सोललेले बदाम पंख्याखाली वाळवले, साखर घालून मिक्सरमधून काढले, थांबत थांबत, कारण एकदा तू लॅबमधून यायच्या आत काम उरकावं म्हणून मी मिक्सर सलग फिरवला होता आणि बदामाला तेल सुटून लगदा झाला होता, ते विसरलेले नाही. अंड्याचा पांढरा बलक फेस येईपर्यंतच फेटला. बदामाच्या अर्काचे तीन-चार थेंब, तेसुद्धा डोळ्यांत तेल घालून मोजले. मागे अप्पांनी 'वास येत नाही' म्हणत चमचाभर ओतला होता आणि सबंध घाणाच खोकल्याच्या औषधासारखा लागला होता. तरी त्यांनी तो संपवलाच. म्हणाले, आता महिनाभर खोकला व्हायचा नाही.

तू पहिल्यांदा हे बिस्कीट घरी आणलंस तो दिवस मला स्पष्ट आठवतो. तुमच्या लॅबचे मालक इटलीहून कसलं तरी शिक्षण घेऊन आले होते आणि त्यांनी सगळ्यांना एकेक वाटलं होतं. तू तुझ्या वाट्याचं न खाता कागदात गुंडाळून आणलंस आणि याच टेबलावर दिव्याखाली ठेवून, खिशातल्या चिमट्याने त्याचे चार तुकडे केलेस. एक तू, एक मी, एक अप्पा, एक आमचे चिरंजीव. त्या चिमट्यावरूनच तर अप्पांनी तुझं नाव पाडलं. बाहेरून तडकलेलं, आतून मऊ, आणि गोडाच्या मागून हळूच येणारी ती कडसर चव. चिरंजीव म्हणाले, बरं आहे, आणि टीव्हीकडे वळले. तू मात्र डोळे मिटून बसली होतीस. मग म्हणालीस, "अहो आई, हे मला जमलं पाहिजे." दिवसभर माणसांचे दात बनवणारी मुलगी तू. दाताचा रंग शेजारच्या दाताशी जुळेपर्यंत भट्टीत घालणारी आणि काढणारी. तू ते सोडणार नाहीस हे मला तेव्हाच कळलं. पुढच्या महिन्यात पगारातून हा ओव्हन आला.

आणि मग जे झालं ते आठवलं की मला अजून घाम फुटतो आणि हसूही येतं. तू सकाळी गोळे वळून, पिठीसाखरेत घोळवून, ट्रे उघडा ठेवून कामाला जायचीस. वरची बाजू नीट वाळली तर आतला गोळा फुगताना ती तडकते, हे तू कुठूनसं शोधून काढलं होतंस. मला सांगायचं मात्र राहिलं. आणि मी? जिला उघडा ट्रे दिसला की झोप लागत नाही! वॉर्डात सुयांचा ट्रे असो की जेवणाचा, झाकला नाही म्हणून मी डॉक्टरांनासुद्धा सोडलं नव्हतं. मला वाटलं, पोरगी गडबडीत विसरली. वाळून दगड होतील बिचारे. म्हणून मी आपलं मायेने स्वच्छ फडकं ओलं करून, पिळून, ट्रेवर घालायची, आणि तू यायच्या वेळेला काढून ठेवायची, उगाच तुला ओशाळं वाटायला नको म्हणून. तू येऊन भाजायचीस आणि बिस्किटं पसरून अशी गुळगुळीत व्हायची की त्यांच्यावरून बोट घसरावं. एक भेग नाही. तू ओव्हनचं तापमान बदललंस. अंडी बदललीस. बदामवाल्याशी भांडलीस, तो बिचारा शेवटी आपल्या बायकोची शपथ घेऊन सांगू लागला की बदाम ताजेच आहेत. मी तुझी समजूत घालायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फडकं ओलं करायची.

मग तुझं डोकं दुखत होतं म्हणून तू एक दिवस मधल्या वेळी घरी आलीस आणि दारातूनच पाहिलंस. माझ्या हातात फडकं, फडक्याखाली तुझा ट्रे. मला वाटलं, आता ही रडते की काय. तर तू दाराला टेकलीस, खाली बसलीस आणि अशी हसायला लागलीस की तुझी डोकेदुखी कुठल्या कुठे पळाली. मग मीही. अप्पा धावत आले, त्यांना वाटलं कोणी पडलं. त्या दिवसापासून अप्पा त्यांना 'भेगाळलेली बिस्किटं' म्हणतात आणि कुणी पाहुणा आला की ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगतात.

हे सगळं तुला माहीत आहे. तरी लिहिते आहे, कारण ते लिहिताना तू समोर बसल्यासारखी वाटतेस.

तुझं आणि चिरंजीवांचं का पटलं नाही यावर मी तेव्हाही निवाडा दिला नाही, आजही देणार नाही. तो माझा मुलगा आहे आणि वाईट नाही. पण घरात बायको आहे हे त्याच्या आठवड्यातून दोनदाच लक्षात यायचं आणि तू ते किती दिवस सोसावंस याला काही सीमा होती. आता तो परगावी त्याच्या कामात सुखी आहे, रविवारी फोन करतो, हवामान सांगतो. तू गेलीस तेव्हा कपडे नेलेस, पुस्तकं नेलीस, तुझ्या आईचा तो एकुलता एक फोटो नेलास, टाईपरायटरपुढे बसून कॅमेऱ्याकडे न बघणारी ती तरुण बाई. तू शाळेत जायच्या आधीच गेली बिचारी, तुला तिचा आवाजही आठवत नाही असं तू एकदा म्हणाली होतीस. ओव्हन मात्र राहिला. तू म्हणालीस, नंतर नेते. अप्पा म्हणाले, तो जिन्यातून उतरायचा नाही. अगं, जो जिन्यातून चढला तो उतरणार नाही होय! पण तू मान डोलावलीस. मीही डोलावली. तिघांनाही ठाऊक होतं की ओव्हन इथे आहे तोवर तुला रविवारी यायला कारण आहे.

माझी धाकटी बहीण म्हणायची, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना, सून गेली आणि तिची बिस्किटं काय खात बसली आहेस? मी तिला म्हटलं, तू दोन खाऊन बघ आणि मग बोल. तिने चार खाल्ली आणि डब्यात घालून नेली ती वेगळी. तेव्हापासून तिचा त्या विषयावरचा आवाज खाली आला.

एक गोष्ट मात्र मला लागायची. घटस्फोटाच्या कागदांवर सह्या झाल्या आणि त्यानंतर तू मला 'अहो आई' म्हणणं सोडलंस. काकू म्हणायला तुझी जीभ रेटेना, हे मला दिसायचं. मग तू नुसतं 'ऐका ना' म्हणायचीस. पीठ मळताना, ट्रे फिरवताना, जिन्यातून उतरताना, 'ऐका ना, येते हं मी.' मी ऐकायची. मनात म्हणायची, ऐकते आहे गं, पण कोण म्हणून?

आता अप्पांची बातमी. त्यांची कवळी सैल झाली आहे. तू बनवलेली, म्हणजे दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा त्यांचा हट्ट. मी म्हटलं, दातांच्या डॉक्टरकडे चला. तर म्हणाले, ज्याने घर बांधलं त्यालाच भिंत कळते. मग मागच्या मंगळवारी मला न सांगता, कवळी रुमालात बांधून, स्वारी तुझ्या लॅबकडे निघाली. परत आले तर कवळी तशीच रुमालात. विचारलं तर म्हणाले, लॅब बंद होती. पुढचे दोन दिवस सगळं पातळ करून घालावं लागलं, वर तोंड असं करून बसले की शेजारीण विचारून गेली, काही वाईट बातमी आहे का. शेवटी गुरुवारी जेवताना आपणहून बोलले. लॅब उघडी होती. तू दारातच उभी होतीस, हातात डबा होता, समोरच्या चष्म्याच्या दुकानातला माणूस तुझ्याशी बोलत होता. आणि तू हसत होतीस. अप्पा म्हणाले, "अगं, दाराला टेकून हसत होती. त्या फडक्याच्या दिवसासारखी." मी विचारलं, मग तुम्ही आत का नाही गेलात? तर म्हणाले, "कवळीचं काय घेऊन बसलीस, कवळी काय उद्याही बसेल." आणि पुन्हा वाटीत डोकं घातलं.

खरं सांगते, मला पहिल्यांदा वाईटच वाटलं. म्हणजे आता ही आपली राहिली नाही, म्हणून ओव्हन, म्हणून ते 'त्रास द्यायला नको'. वाटीतलं तसंच ठेवून मी उठले आणि घासलेली भांडी पुन्हा घासली. मग माझ्या डोक्यात आलं की माझे डोळे तपासून बरेच दिवस झाले आहेत.

हसू नकोस. शुक्रवारी मी चांगली साडी नेसून चष्म्याच्या दुकानात गेले. तू आत कामात असशील अशी वेळ गाठून गेले, पदर डोक्यावरून घेऊन, हिंदी सिनेमातल्या हेरासारखी. नाव सांगितलं, आडनाव गाळलं. आणि तुझ्या त्या चष्मेवाल्याला मी वॉर्डात नवा माणूस आला की तपासायची तसं नखशिखांत तपासलं. नखं कापलेली. हात धुऊन आला. हनुवटी टेकायची पट्टी माझ्यादेखत स्पिरिटने पुसली, तिथेच त्याचे निम्मे गुण झाले. डोक्यावर केस जरा कमी आहेत. बोलतो फार. मला 'आजी' म्हणाला तेव्हा ते निम्मे गुण मी परत काढून घेणार होते, पण माझ्या आधी बसलेल्या एका बहिऱ्या म्हाताऱ्याला त्याने तीच ओळ इतक्यांदा, तितक्याच शांतपणे वाचायला लावली होती की म्हटलं, जाऊ दे.

मग त्याने माझ्या डोळ्यांत थेंब घातले आणि थोडा वेळ बसा म्हणाला. सगळं धूसर झालं. समोर काचेची बरणी होती हे कळत होतं, तिच्यात काय आहे ते दिसत नव्हतं. थेंब घालून बसलेल्यांना तो त्यातलं एकेक देतो म्हणे, वेळ बरा जातो. त्याने एक माझ्या हातावर ठेवलं. मी बोटाने चाचपलं. भेगा. खाल्लं. आणि गोडाच्या मागून ती कडसर चव आली.

मी साळसूदपणे विचारलं, कुठल्या दुकानातली? त्याला तेवढंच हवं होतं, तो सुरूच झाला. म्हणाला, "दुकानातली कुठली आजी, समोरच्या लॅबमधल्या मॅडम करतात. यात एक गंमत आहे बघा, ट्रे झाकायचा नाही. त्यांची आई सिस्टर होती दवाखान्यात, तिला सगळं झाकून ठेवायची सवय. रोज गुपचूप ओलं फडकं घालायची आणि यांची बिस्किटं रोज बिघडायची!" आणि एकटाच खो खो हसला. मी डोळे पुसले. थेंबांमुळे पाणी येतं, असं त्यानेच मला समजावलं.

त्यांची आई सिस्टर होती. चिमटी, तुझी आई तर टायपिस्ट होती गं.

मी आणखी खोदलं. असं खोदणं मला चांगलं जमतं, पेशंटने बाहेरचं काय खाल्लं ते मी बरोबर काढून घ्यायची. म्हटलं, मॅडमचं नाव फार घेता, लग्नबिग्न ठरलंय की काय? तो लाजला. थेंब घातलेल्या डोळ्यांनासुद्धा दिसलं. म्हणाला, "माझं हो आहे आजी. त्यांचंही आहे. पण त्यांच्या आईला सांगायचं राहिलंय. आईला काय वाटेल म्हणून त्यांचा धीर होत नाही. आई हो म्हणाल्याशिवाय मॅडम पुढे जायच्या नाहीत. मी म्हटलंय, घाई नाही." मग त्याने माझ्या चष्म्याचा नंबर कागदावर लिहिला आणि थेंबांचा अंमल उतरेपर्यंत एकटं जाऊ नका म्हणून मला रस्ता ओलांडून दिला. तुझ्या लॅबच्या काचेसमोरून, माझा हात धरून. तू आत खाली मान घालून कुणाचा तरी दात रंगवत होतीस. तू वर पाहिलं असतंस तर हे पत्र लिहावंच लागलं नसतं.

संध्याकाळ झाली, अप्पांनी आत्ताच किल्ली दिली. बिस्किटं भाजून झाली आहेत. मधेच ट्रे फिरवायचा असतो ते विसरले, म्हणून मागच्या कोपऱ्यातली करपली, ती अप्पांना चहात बुडवून खायला ठेवली. बाकीची सगळी तडकली आहेत, एकूण एक, तू केल्यासारखी. तेव्हा ऐक. महिनाभर तू जे माझ्यापासून झाकून ठेवलंस ते माझ्यावरच्या मायेपोटीच, हे मला कळतं. कशावरही ओलं फडकं घालायची सवय माझी, ती तू उचललीस. पण माझ्या मायेने तुझी बिस्किटं किती बिघडली ते तूच पाहिलं आहेस. उघडं राहू दे सगळं. मला वाईट वाटलं, एक दिवस वाटलं, आणि मग ते गेलं. तुझ्या चष्मेवाल्याला आईचा होकार हवा आहे ना, तो देण्यासाठीच हे पत्र लिहिलं. हो. माझं हो आहे, अप्पांचं हो आहे. तुझ्या बाजूने कोण उभं राहणार, हा प्रश्न कुणी काढलाच तर आम्ही दोघं उभे राहू, अप्पा कवळी घालून. माझा चष्मा येत्या रविवारपर्यंत तयार होईल म्हणाला होता. मी आणायला जाणार नाही. तुम्ही दोघं घेऊन या. बदाम भिजवून ठेवते. आणि आल्यावर जिन्यातूनच हाक मार, त्याच्याशी बोलताना माझ्यासाठी जो शब्द वापरतेस ना, त्याच शब्दाने.

तुझीच,
आई